देवनारचें हातगिरमिट : दोषपरीक्षा व दुरुस्ती

जुन्या कागदांच्या संग्राहकास लोखंडी हत्याराशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. म्हणून आधीं त्याचेंच उत्तर देतों. पोथीच्या फळ्यांस पाडलेलीं भोकें आणि ताम्रपटाचे पत्रे कडींत ओवण्यासाठीं केलेलीं छिद्रें यांवर तीं ज्या हत्यारानें केलीं त्याची खूण उरलेली असते. ठोकून पाडलेल्या छिद्राची मागील कड, ती घासून काढली नसल्यास, बाहेर उलटलेली दिसते. धनुकलीनें फिरविल्या जाणाऱ्या सामत्याचें चपटें टोक उलटसुलट फिरतें. त्यामुळें छिद्राचें तोंड बहुधा रुंद व आंतील भिंत निमुळती होते. पिळाच्या टोकानें पाडलेलें छिद्र मात्र आरपार एका मापाचें असतें. धातु कापणाऱ्या अशा टोकाचें पेटंट अमेरिकेंत स्टीफन मोर्स यानें १८६३ सालीं घेतलें. भांडुप येथें सांपडलेला शिलाहार छित्तराजाचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहे. त्याच काळांतला म्हणून कोणी अपरिचित पत्रा विकावयास आणिला, तर अक्षरांच्या वळणाइतकेंच कडीच्या छिद्राकडेहि लक्ष द्यावें. एकट्या छिद्रावरून निकाल देणें योग्य नव्हे, कारण जुन्या पत्र्याचें छिद्र मागाहून रुंदावलेलें असूं शकतें. परंतु शंकेस तें पुरेसें कारण होय.

अशी तुलना करावयाची तर जुन्या हत्यारांनीं नव्या तांब्यावर छिद्रें पाडून पाहिलीं पाहिजेत, आणि त्यासाठीं हत्यार चालतें हवें. आमच्याजवळील हातगिरमिट, ज्यास कारागीर हॅण्ड ड्रिल म्हणतात, तें देवनार येथील भंगाराच्या एका गाळ्यांतून घेतलेलें आहे. ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारी हवा त्या बाजूस लोखंडाला धड राहूं देत नाहीं. हें गिरमिटहि जागच्या जागीं गच्च बसलें होतें. त्याची रचना साधी आहे. मुठीनें फिरणारें मोठें दंतचक्र, त्यांत गुंतलेलें लहान दंतचक्र, त्या लहान चक्राचा दांडा, आणि दांड्याच्या शेवटीं टोक पकडणारा तीन जबड्यांचा चक. मोठ्या चक्रास ५६ व लहानास १४ दांते असल्यानें मुठीच्या एका फेऱ्यास टोकाचे चार फेरे होतात. निर्मात्याचें नांव बुजालें असून 'मेड इन इंग्लंड' एवढींच अक्षरें वाचतां येतात. मालावर मूळ देश नोंदविण्याची चाल १८८७ चा ब्रिटिश व १८८९ चा हिंदुस्थानांतील व्यापारचिन्हांचा कायदा यांनंतर रूढ झाली. तेव्हां हत्यार त्यापूर्वींचें नसावें.

हीं अक्षरें आणि सांध्यांत उरलेला रंग हाच या वस्तूचा दस्तऐवज. म्हणून घासण्याचें चाक व तेजाब यांस आम्हीं हात लाविला नाहीं. वस्तु चकचकीत करून दाखविण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. मोडी कागदावरील डाग जावा म्हणून कोणी अक्षरें धुवीत नाहीं, हा विवेक लोखंडाच्या बाबतींत कां सुटावा तें कळत नाहीं. सांधे घासलेटानें भिजवून दोन दिवस ठेवितांच वाळून राळेसारखें झालेलें जुनें तेल सुटलें व चाक फिरूं लागलें. खरा दोष त्यानंतर दिसला : चाक मधूनच घसरे.

येथें दांते मोजल्याचा उपयोग होतो. मुठीच्या प्रत्येक फेऱ्यांत घसर एकदांच व ठराविक जागीं होत असेल तर दोष मोठ्या चक्राचा. चार वेळां होत असेल तर लहान चक्राचा. हात मोकळा असतां न घसरतां दाब देतांच घसरत असेल, तर दांते शाबूत असून चक्राचा आंस ढिला झाला आहे असें समजावें. आमचा दोष या तिसऱ्या प्रकारचा निघाला. पातळ पितळी वायसर घालून मोठें चक्र लहानाकडे किंचित् सरकविलें. किती सरकवावें यासाठीं आम्ही पातळ कागदाची पट्टी दांत्यांतून फिरवितों : तिच्यावर वळ उठावेत, पण ती फाटूं नये.

टोक थरथरत असल्यास प्रथम चकांत एक सरळ सळई धरून पाहावी. तीहि थरथरली तर दांडा बाहेर काढून काचेवर लोळवावा. वांकलेला असल्यास काचेशीं उजेडाची फट उघडमीट करते. दांडा सरळ असेल तर दोष जबड्यांचा. चक उघडणें तें खोल ताटांत, कापडावरच उघडावें, कारण आंतील बारीक स्प्रिंगा उडून जातात आणि कांहीं गिरमिटांत मागील बाजूस सुटे छर्रेहि असतात. जबडे ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें बसवावेत. पकडीनें चक आंवळूं नये. चामड्याची पट्टी गुंडाळून हातानें फिरवावा. आमच्या चकांतील एक स्प्रिंग तुटलेली निघाली, ती बदलावी लागली.

लांकडी मुठीस जवसाच्या तेलाचा एक हात पुरतो. तेलानें भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून टाकूं नयेत. त्या आपोआप पेटतात. त्या पसरून वाळवाव्या, आणि त्या वा हें हत्यार दप्तराच्या कपाटांत कधींहि ठेवूं नये.

आणखी एक सूचना आवश्यक वाटते. जुन्या वह्या पुन्हा बांधतांना कांहीं बांधणारे समासांतून सरसकट गिरमिट घालतात. फिरणारें टोक कागदाचे तंतु कापून बाहेर फेंकतें व समासांतील टिपांचीं अक्षरें त्याबरोबर जातात. शिवणीस जुनींच भोकें व सुईच वापरावी. गिरमिट लागलेंच तर पोथीच्या नव्या फळ्यांपुरतें. वरील दुरुस्तीनंतर तांब्याच्या पट्टीवर पिळाच्या टोकानें, सामत्यानें व ठोकून अशीं तीन छिद्रें पाडून ती पट्टी आम्हीं तुलनेसाठीं गिरमिटासोबत ठेविली आहे. तुटलेली स्प्रिंगहि पाकिटांत तारखेसह जपली आहे.