प्रोग्रामचे कप्पे कधी पाडावेत?

ताडोबातल्या मोहर्लीच्या जंगलात वाघ मोजायचे तर कॅमेरे जोडीनं लावावे लागतात, वाटेच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. दोन्ही बाजू एकदम टिपल्या गेल्या नाहीत तर एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि फोटो निघाले जवळपास ३ कोटी ४८ लाख. त्यात वाघांचे ७६,६५१.

हा ढीग एकाच प्रोग्रामनं उपसला नाही. ‘कॅट्रॅट’नं फोटो प्रजातीनुसार वेगळे केले, ‘एक्स्ट्रॅक्ट-कंपेअर’नं वाघांचे पट्टे ताडून पाहिले. यातली दुसरी पद्धत जुनी. लेक्स हिबी यांनी ती मुळात करड्या सीलसाठी बसवली होती. आधी फोटोतल्या प्राण्यावर शरीराचा त्रिमितीय साचा बसवायचा, मग अंगावरची नक्षी उचलायची, शेवटी ती जुन्या नोंदींशी जुळवायची. या शेवटच्या पायरीला समोर सील आहे की वाघ, याच्याशी देणंघेणं नाही. २००९ मध्ये हिबी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की वाघाचं कातडंसुद्धा जिवंतपणीच्या फोटोशी असं जुळवता येतं. शिकारीचा माग काढणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी गोष्ट!

म्हणून प्रत्येक प्रोग्रामचे मॉड्यूल, म्हणजे वेगळे कप्पे, पाडत सुटावं, असं मी म्हणणार नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये शब्दसूची करणारा एक छोटा प्रोग्राम दोन तऱ्हांनी विभागून दाखवला होता. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे केले, तर ओळी साठवायची पद्धत बदलताच सगळ्या तुकड्यांना हात लावावा लागतो. जे निर्णय पुढे बदलतील, त्यातला एकेक एकेका मॉड्यूलमध्ये झाकून ठेवला, तर बदल तिथंच थांबतो. मात्र अशी रचना नेहमीच्या पद्धतीनं लिहिली तर प्रोग्राम मंदावू शकतो, हेही त्यांनीच बजावलं.

तेव्हा विचारायचं ते एवढंच: हे कोण बदलणार? ताडोबाच्या सफारीचं बुकिंग घ्या. मंगळवारी सुट्टी, पावसाळ्यात कोअर बंद, बफर चालू, जिप्सींची संख्या, दर. हे सगळं प्रशासन ठरवतं, प्रोग्राम लिहिणारा नव्हे. इथं वेळापत्रकाचा आणि दरांचा कप्पा पहिल्या दिवसापासून वेगळा हवाच. त्यासाठी आठवडा गेला तरी चालेल.

उलट, एका हंगामाच्या मेमरी कार्डांवरच्या फोटोंना तारखेप्रमाणे नावं देणारा चाळीस ओळींचा प्रोग्राम तसाच सलग राहू द्यावा. कप्पा पाडला की त्याची सीमा लिहून ठेवा, तपासा, सांभाळा. आणि चुकीच्या जागी पडलेला कप्पा मोडणं तर सलग प्रोग्राम तोडण्यापेक्षा जास्त त्रासाचं. काय बदलणार हे कळण्याआधीच केलेली वाटणी मला म्हणूनच पटत नाही.

पुढच्या हंगामात दुसऱ्या कंपनीचे कॅमेरे आले, किंवा तोच प्रोग्राम ताडोबाच्याच कोळसा रेंजनं मागितला, तर मात्र एक दिवस काढावा. फोटोतली तारीख वाचण्याचं काम तेवढं वेगळं करावं आणि बाकीच्या ओळी आहेत तशाच ठेवाव्यात.