पोटातलं लोखंड

अलिबागला समुद्राच्या जवळच चुंबकीय वेधशाळा आहे. १९०४ साली ती उभी राहिली तेव्हा इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली गेली. भिंतींना पोरबंदरी दगड वापरला आणि धातूशिवाय भागणारच नाही तिथे चुंबकाकडे ओढले न जाणारे धातू बसवले. आत टांगलेल्या चुंबकसुया इतक्या नाजूक की एरवी घराघरांत सर्रास ठोकले जाणारे खिळेही त्यांच्या नोंदी बिघडवू शकतात.

या नोंदी त्याआधी मुंबईत कुलाब्याला होत असत, १८४१ पासून. पण शहरात घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने सुया भरकटल्या असत्या. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली सगळा संसार खाडीपलीकडे गेला. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. अलिबागला काम सुरू झाल्यावर कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. सुमारे दोन वर्षं दोन्ही ठिकाणी नोंदी घेतल्या, त्या ताडून पाहिल्या आणि मगच कुलाब्याच्या सुयांना विश्रांती दिली. त्यामुळे जुनी आणि नवी मालिका सलग जोडता आली. एवढी दीर्घ चुंबकीय नोंद जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

सुई दोन तऱ्हांनी हलते. एक हालचाल झटपट, तासा-दिवसांची. तिचं मूळ आकाशात, सूर्याच्या करणीत. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकानंतर कुलाब्याच्या सुयांनी जी उसळी नोंदवली, तिचा अभ्यास आजही होतो. दुसरी हालचाल अतिशय मंद, वर्षानुवर्षं सरकत राहणारी. तिचं मूळ पायाखाली, २,९०० किलोमीटर खोल आहे. तिथे वितळलेलं लोखंड वाहतं.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. माणसाने आजवर पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटरचं. तेवढ्या खोलीवरच तापमान १८० अंश सेल्सिअसवर गेलं आणि खोदाई अवघड होऊन बसली. मग २,९०० किलोमीटर खाली लोखंड आहे, आणि ते पातळ आहे, हे कोणी पाहिलं?

पाहिलं कोणीच नाही. पहिला धागा वजनातून मिळाला. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं सूक्ष्म आकर्षण मोजून पृथ्वीची घनता काढली. ती पाण्याच्या साधारण साडेपाचपट भरली. ग्रॅनाइटची घनता २.७ च्या आसपास, आपल्या काळ्या कातळाची तीनच्या आत-बाहेर. वरचा दगड इतका हलका असेल तर सरासरी साडेपाचपर्यंत नेणारं फार जड काहीतरी आत असलंच पाहिजे. विश्वातल्या मुबलक जड द्रव्यांत लोखंडावाचून दुसरं नाव पुढे येत नाही, आणि आकाशातून पडणाऱ्या काही उल्का तर चक्क लोखंड-निकेलच्या असतात.

दुसरा धागा भूकंपाने दिला, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. १२ जून १८९७ रोजी आसाम-शिलाँगचा प्रदेश भीषण हादरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सखोल अहवाल लिहिला. दूर युरोपातल्या उपकरणांनी उमटवलेल्या रेघा तपासताना त्यांना दिसलं की एकाच भूकंपाच्या लहरी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रूपात पोचतात. आधी येतात प्राथमिक लहरी, त्या पुढच्या खडकाला दाबत-सोडत जातात. मागून दुय्यम लहरी येतात. ताणलेल्या दोरीला झटका दिल्यावर दोरी जशी आडवी हलते, तसा खडक त्यांच्या मार्गाला आडवा हलतो. सर्वांत शेवटी, पृष्ठभागावरून सरकत, तिसरा प्रकार. १९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी पुढचं पाऊल टाकलं: पृथ्वीच्या मध्यातून गेलेल्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, तेव्हा मध्यभागी वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे. त्याची सीमा २,९०० किलोमीटरवर आहे हे बेनो गुटेनबर्ग यांनी १९१३-१४ च्या सुमारास काढलं.

गाभा पातळ असल्याचा पुरावा दुय्यम लहरींत आहे. द्रव आडव्या ताणाला विरोध करत नाही, म्हणून या लहरी त्यातून जाऊच शकत नाहीत. गाभ्याच्या पलीकडच्या बाजूला त्या थेट पोचत नाहीत. भरती-ओहोटीच्या ओढीने पृथ्वी किती वाकते याचं गणित जोडून हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये हे ठामपणे मांडलं.

इथे प्रश्न मिटला असं वाटत असताना इंगे लेमान पुढे आल्या. भूकंप जवळजवळ होतच नाहीत अशा डेन्मार्कमधल्या या विदुषी. जगभरच्या भूकंपांच्या वेळा त्या कार्डांवर टिपून ठेवत, आणि ती कार्डं ओटच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या डब्यांत. १९२९ मध्ये न्यूझीलंडला झालेल्या भूकंपाच्या लहरी रशियातल्या काही केंद्रांवर अशा ठिकाणी उमटल्या होत्या की गाभा सगळाच पातळ असता तर तिथे त्या दिसायलाच नको होत्या. क्षीण, पण स्पष्ट. इतरांनी हा किरकोळ विस्कळीतपणा समजून सोडून दिला होता. लेमान यांनी १९३६ मध्ये लिहिलं की पातळ गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि लहरी त्याच्यावरून परततात. आज आपण जाणतो की तो घन आहे, त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे. तापमान पाच हजार अंशांपलीकडे असूनही लोखंड तिथे गोठतं, कारण केंद्रापाशी दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट आहे. लेमान १०४ वर्षं जगल्या. संगणकाआधीच्या काळात केवळ कागद, पेन्सिल आणि चिकाटी यांच्या बळावर त्यांनी पृथ्वीच्या केंद्रापर्यंत मजल मारली. शाळेच्या पुस्तकात गाभ्याची आकृती असते, तिच्याखाली त्यांचं नाव असायला हवं.

वजनाने पाहिलं तर पृथ्वीचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा लोखंडाचा आहे. आपण चालतो त्या भूकवचात मात्र ते पाच टक्क्यांच्या आसपास. भूकवच मुख्यतः ऑक्सिजन आणि सिलिकॉनचं. ४५४ कोटी वर्षांपूर्वी घडत असताना पृथ्वी इतकी तापली की जड लोखंड वितळून तळाशी गेलं, हलकी द्रव्यं वर राहिली. मधलं प्रावरण घन खडकाचं, तरी लाखो वर्षांच्या हिशेबात मंदपणे वाहणारं. खालची उष्णता अजून बाहेर पडते आहे. तिचा काही भाग त्या जन्मकाळचा, बाकीचा युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून येणारा. बाह्य गाभा निवता निवता त्याचं लोखंड आतल्या गोळ्यावर गोठत जातं, सुटलेली हलकी द्रव्यं वर उसळतात, द्रव ढवळला जातो. त्यात पृथ्वीच्या भ्रमणाची पिळवट. वाहत्या धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि चुंबकीय क्षेत्र टिकून राहतं. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांना अडवणारी ढाल ती हीच.

हे क्षेत्र अधूनमधून उलटतं, उत्तरेचं दक्षिण होतं. त्याचा दाखला सह्याद्रीच्या अंगावर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून दख्खनचा कातळ झाला. लाव्हा निवताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरली आणि दगड घट्ट झाला तशी ती कायमची कोरली गेली. पश्चिम घाटातल्या बहुतेक थरांत ही दिशा आजच्या उलट आहे, तर महाबळेश्वरच्या वरच्या थरांत सुलट. म्हणजे हा लाव्हा वाहत असतानाच क्षेत्राने कूस बदलली. कणांचा कल आणखी एक गोष्ट सांगतो. विषुववृत्तावर चुंबकसुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी ती अधिकाधिक झुकते. दख्खनच्या दगडातला झुकाव मोजला तर हा प्रदेश तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता असं निघतं. १९५० च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी भारतीय कातळावर हे मोजमाप केलं. खंड सरकतात या कल्पनेला तेव्हा फार थोडे लोक मानत होते. तिला बळ देणाऱ्या पुराव्यांत आपला काळा दगड होता, याचा अभिमान वाटतो.

या कातळाखाली काय आहे, हे कोयनेत प्रत्यक्ष पाहता आलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे झालेला भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो; परिसरातले लहान-मोठे धक्के अजून थांबलेले नाहीत. त्यांचा उगम फार खोल नसतो, बहुतेकांचा दहा किलोमीटरच्या आतच. म्हणून गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल चाचणी-छिद्र पाडलं गेलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. कराडजवळच्या हजारमाचीत त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गिरमिटाने सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ भेदला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही. धक्के जन्मतात त्याच्या शेजारी उपकरणं नेऊन ठेवायची आणि जलाशयाचं पाणी ग्रॅनाइटच्या भेगांत दाब कसा वाढवतं ते तिथेच मोजायचं, हा या खोदाईमागचा हेतू आहे.