सुटी कॉलर: छोट्या वस्तूतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

पीएच.डी.ची तयारी करताना "माझा विषय फार छोटा तर नाही ना?" ही काळजी बऱ्याच जणांना असते. म्हणून आज मुद्दाम एक वीतभर वस्तू घेऊ: पुरुषांच्या शर्टाची सुटी कॉलर.

खळ देऊन कडक केलेली ही पट्टी मागेपुढे छोट्या बटणांनी शर्टाला अडकवायची. बाकीचा शर्ट कोटाखाली झाकलेला. त्यामुळे रोज फक्त कॉलर बदलली की माणूस स्वच्छ दिसायचा! १८२७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्रॉय गावी हॅना माँटेग्यू यांनी नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी धुतली आणि तिथून हे सुरू झालं, असं सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर मऊ, शर्टालाच शिवलेल्या कॉलरी रूढ झाल्या आणि सुटी कॉलर मागे पडली.

पूर्ण गेली मात्र नाही. प्रताप नगरहून सिव्हिल लाईन्सला हायकोर्टाकडे गेलात तर वकिलांचे गळे बघा. बार कौन्सिलच्या पोशाख नियमांत पांढरी कॉलर, 'कडक किंवा मऊ', आणि पांढरे बँड आजही आहेत.

आता 'कॉलरचा इतिहास' हा झाला विषय. तो अजून प्रश्न नाही. प्रश्न हवा असेल तर वस्तूला दोन गोष्टी विचारा.

पहिली: ही धुतली कोणी? ट्रॉयमध्ये हे काम बायका करायच्या, उकळतं पाणी आणि तापलेल्या इस्त्र्यांमध्ये. १८६४ मध्ये केट मुलानी यांच्या पुढाकाराने त्यांनी संघटना उभी केली, संप केला आणि २५ टक्के पगारवाढ मिळवली. आपल्याकडे हेच काम जातीला बांधलेलं होतं: परीट, विदर्भात वरठी. मराठीतला 'पांढरपेशा' शब्द आठवा. पांढरं घालणाऱ्याला नाव मिळालं. ते पांढरं ठेवणारा त्या शब्दात दिसतच नाही.

दुसरी: ही घालायची मुभा कोणाला होती? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की पोशाखावरून जात ओळखू येईल असं राहू नका. हे लक्षात ठेवून बॅरिस्टर आंबेडकरांचे सुटाबुटातले फोटो बघा. ज्यांनी काय नेसायचं हेही जात ठरवत होती, त्यांच्यातल्या माणसाने कडक कॉलर लावणं ही नुसती साहेबाची नक्कल कशी म्हणता येईल?

म्हणजे बघा, एकच पांढरी पट्टी. एका बाजूने ती कोणाचे तरी कष्ट लपवते, दुसऱ्या बाजूने कोणाला तरी मान ताठ करू देते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात तेव्हा संशोधनाचा प्रश्न तयार होतो. उदाहरणार्थ: 'मध्य प्रांतात नागपूर राजधानी असताना वकील-कारकुनांचे कपडे कोण धूत होतं आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळत होतं?'

सुरुवात रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातीविषयक ग्रंथापासून करता येईल. पण तो वाचताना हे सरकारी नजरेतून लिहिलेलं आहे, हे विसरू नका. शिवाय जुने फोटो, जाहिराती आणि घरखर्चाच्या वह्या आहेतच. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेतही एखादं साधन सापडेल.

विषय छोटा असला तरी चालतो. त्यामागचा माणूस सुटता कामा नये.