कासवांचें माहेर

समुद्रकांठचा प्रवास म्हटला कीं डुंबणें, नौकाविहार आणि शहाळीं एवढेंच बहुधा डोळ्यांपुढें येतें. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांतील बाणकोटजवळच्या वेळास येथें, नाना फडणविसांच्या मूळ गांवीं, पाहुणा पहांटे उठतो तो कासवाचीं पिलें पाहण्यासाठीं.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिंवाळ्यांत आपल्या जन्मस्थानाच्या आसपासच परतते, रात्रीं वाळूंत हातभर खोल खड्डा करून शंभरएक अंडीं घालते आणि निघून जाते. पुढें तीं उबविते ती वाळूच. पूर्वीं ह्या अंड्यांस कोल्ह्याकुत्र्यांप्रमाणेंच माणसांचेंही भय असे. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनें ग्रामस्थांच्या साह्यानें तीं कुंपणांत सुरक्षित पुरण्यास आरंभ केला. २००६ पासून कासव-महोत्सव भरूं लागला.

सकाळ-संध्याकाळ कासवमित्र टोपल्या उचलून पाहतात आणि निघालेलीं पिलें पाण्यापासून कांहीं अंतरावर सोडतात. आपण दोरीमागें उभें राहावयाचें. विजेरी लावावयाची नाहीं, कारण पिलें उजेडाकडे वळतात. कधीं टोपलीखालीं नुसती वाळूच असते. मुलांचा हिरमोड होतो खरा. पण निसर्ग आपल्या सोयीनें चालत नाहीं, हेंही त्यांस कळावयास हवेंच.

उतरावयाचें गांवकऱ्यांच्याच घरीं. त्यांतून चार पैसे येतात, म्हणून राखणीसही बळ मिळतें. मात्र पाहुण्यांच्या गर्दीनें किनाऱ्यावर दिवे आणि कचरा वाढला, तर माहेरीं येणाऱ्या लेकीची वाट आपणच अडविल्यासारखें होईल.