कोरडे हात

सकाळी ८.००
सदाशिव पेठेतला जुना वाडा, तळमजल्याची खोली. बाहेर जूनची भुरभुर. देशी भाज्यांचं बी विकणाऱ्या काकूंकडे पुड्या भरणाऱ्या ताई येतात, छत्री दाराबाहेर ठेवतात, हात पुसतात. पुन्हा पुसतात. ओला हात बियांना लावायचा नाही.

८.१५
बरण्या उघडत नाहीत, बाहेरूनच बघतात. आतल्या सिलिका जेलचे मणी निळे असले की ठीक. गुलाबी झाले तर दमट हवा शिरली. दोन बरण्यांतले गुलाबी निघाले. ते मंद आचेवर, निळे होईपर्यंत. त्यासाठी तवा वेगळा, स्वयंपाकाला तो कधीच घेत नाहीत.

९.३०
बारा दिवसांपूर्वी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं कांद्याचं बी मोजायचं. दोन गुंडाळ्या, प्रत्येकीत शंभर दाणे. बी एकाच शेतातलं, गेल्या वर्षीच्या एप्रिलचं. अर्धं खाली बरणीत होतं. अर्धं कापडी पिशवीत, पत्र्याखालच्या माळ्यावर राहून गेलं होतं. ताई बोटाने एकेक कोंब बाजूला सारतात. बरणीतले उगवले ७४, माळ्यावरचे १९. प्रमाणित बियाण्याला किमान ७० लागतात.

वांगं, टोमॅटो नीट ठेवले तर तीन-चार वर्षं निघतात. कांदा नाजूक. बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. माळ्यावर एक उन्हाळा तापला, एक पावसाळा दमटला. पिशवीतलं बी तिथेच म्हातारं झालं.

मोजणीचे शंभर रुपये वेगळे.

१२.००
पुरंदरचा एक शेतकरी वांग्याचं बी घेऊन आला.
"फळ झाडावरच पिवळं होऊ दिलंत ना?"
"दिलं काकू. पण बी वाळताना वळवाच्या दोन सरी लागल्या."
खरं सांगितलं, हे मला फार आवडलं. वाळताना भिजलेलं बी आज उगवतं, पण पुढे टिकत नाही. काकूंनी कमी भावाने घेतलं. पुडीवर लिहायचं ठरलं : याच हंगामात पेरा.

२.००
डबा. ताईंची आई दुधी वाळवून आढ्याला टांगायची, बी आतच. चवळीला राख चोळायची. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच जपलेलं बी गावोगाव पोहोचवलं, २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. ताईंनी त्यांचा फोटो कपाटाला चिकटवलाय.

३.००
पुड्या. चमचा, काटा, मेणबत्ती. कडा ज्योतीवर धरून बंद करायची. शंभर पुड्यांना पन्नास रुपये. कांद्याचे अडीचशेवर दाणे मिळून जेमतेम एक ग्रॅम, त्यामुळे पंख्याखाली बसता येत नाही. मानेवरून घाम ओघळतो, तो पदराने टिपायचा, हात पुन्हा कोरडे करायचे.

५.३०
सहाशे पुड्या, तीनशे रुपये. मोजणी धरून चारशे. बसभाडं त्यातूनच. माळ्यावरची पिशवी काकूंनी खताच्या खड्ड्यात रिकामी केली.

तुमच्या घरी गेल्या वर्षीचं कांद्याचं बी असेल, तर पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बारा दिवस ठेवा. सात उगवले तरच वाफा भिजवा.