‘‘बाबा येऊ देत, मग बघ!’’

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या घराघरांत संध्याकाळी सातनंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं. बाबा त्या वेळी कर्जत लोकलच्या गर्दीत उभे असतात. इकडे वही उघडी पडलेली, चार ओळी लिहायच्या तर पेन्सिल तीनदा हरवलेली आणि मुलगा खुर्चीच्या पाठीवर चढलेला. दिवसभर राबून आलेल्या आईचा राग मला कळतो. पण मुलाला एडीएचडी असेल, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं त्याला मुळातच जड जात असेल, तर या धमकीचा काडीचा उपयोग होत नाही. लांबचं बक्षीस या मुलांना खेचत नाही आणि लांबची शिक्षा त्यांना आवरत नाही. सातच्या खोडीचा मार नऊला बसला की खोडी विसरलेली असते, मार तेवढा लक्षात राहतो.

वर्तनोपचार, आपण ज्याला बिहेवियर थेरपी म्हणतो, तो इथूनच सुरू होतो. त्याच्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की मुलाला आठवड्यातून एकदा थेरपिस्टकडे पोचवायचं, त्यांनी समजवायचं आणि पाऊण तासाने मूल सुधारून परत न्यायचं. प्रत्यक्षात लहान मुलांच्या बाबतीत शिकायला बसावं लागतं ते आईबाबांना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी औषधाच्याही आधी पालकांचं हे प्रशिक्षण सांगितलं आहे.

शिकायचं काय? ‘‘नीट अभ्यास कर’’ या सूचनेत या मुलाला धरायला काहीच नसतं. टीव्ही बंद करायचा, जवळ जायचं, त्याच्याकडे बघून एकच काम सांगायचं, ‘‘गणिताची वही काढ.’’ काढली की तिथल्या तिथे, ‘‘सांगितल्याबरोबर काढलीस, छान.’’ नुसतं ‘शहाणं बाळ’ नको, काय जमलं ते नेमकं सांगायचं. मग दोनच गणितं. ती झाली की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आजच्या चौकोनात आईच्या पाकिटातली एक टिकली. तीन टिकल्या झाल्या की पंधरा मिनिटं खाली खेळायला, आणि तेही आजच. ‘‘पहिला आलास तर सायकल’’ इथे चालत नाही, वार्षिक परीक्षा फार लांब असते.

‘‘ही तर लाच झाली!’’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिराला नगावर पैसे मिळतात, त्याला कुणी लाच म्हणत नाही. केलेल्या कामाचा तो मोबदला. पुढे दोनाच्या जागी चार गणितांना टिकली द्यायची, असं करत ती हळूहळू मागे घ्यायची असते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण इथेच बहुतेक घरं हात टेकतात. लक्ष वेधण्यासाठी केलेल्या आरडाओरड्याकडे काणाडोळा करायला लागलं की तो आधी वाढतो. थेरपी फसली असं वाटतं. चौथ्या दिवशी आजीला राहवत नाही, ती बिस्किटाचा पुडा पुढे करते आणि मूल शिकतं की अजून जोरात ओरडलं की मिळतं. म्हणून नियम घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. मारणं, चावणं, रस्त्यावर धावणं यांकडे मात्र काणाडोळा नाही, ते तिथेच थांबवायचं.

‘‘वळणच नाही लावलं’’ हा ठपका बहुतेक वेळा आईच्या माथी बसतो, आणि तो अन्यायाचा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 ते 80 टक्के आहे. ‘‘याचा बापही अस्साच होता’’ म्हणणारी आजी बरंच बरोबर बोलत असते. ‘‘म्हणून काही करायला नको’’ एवढंच तिचं चुकतं. 2007 च्या एका अमेरिकी अभ्यासात या मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराच्या निम्म्या भागाला कमाल जाडी गाठायला साधारण साडेदहा वर्षं लागली, इतर मुलांना साडेसात. मेंदू मागून येतोय, तोवर बाहेरून टेकू द्यायचा.

‘‘मोबाईल तासभर बघतो, मग लक्ष कसं नाही?’’ मोबाईलवर क्षणाक्षणाला बक्षीस असतं, वहीत नसतं. टिकली तेच काम करते. साखरेने मुलं चेकाळतात, हा समजही चाचण्यांत टिकलेला नाही. 1994 च्या एका प्रयोगात साखर कुणालाच दिली नव्हती, तरी ‘दिलीय’ असं सांगितलेल्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली.

थेरपी केली की औषध लागतच नाही, असंही नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या 579 मुलांच्या 14 महिन्यांच्या अभ्यासात मूळ लक्षणांवर काटेकोर देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही मिळून घेणाऱ्यांना औषधाची मात्रा कमी पुरली. सहा वर्षांपुढे बहुधा दोन्हींचा विचार होतो, आणि तो डॉक्टरांसोबत करायचा.

पायाला भिंगरी असलेलं प्रत्येक मूल एडीएचडीचं नसतं. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. आधी कान-डोळे तपासायचे, झोप पुरते का बघायचं. मस्ती न करता खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगीही एडीएचडीची असू शकते, आणि ती सर्वांत उशिरा लक्षात येते. ‘तारे जमीन पर’ सिनेमातल्या ईशानची मुख्य अडचण डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची होती. दोन्ही एकत्र असू शकतात, पण उपाय वेगळे.

सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे, तेव्हा तपासणीचं पथक येईल त्या दिवशी शिक्षकांशी बोलून ठेवा. लोकलने ठाण्यापर्यंत जाता आलं तर तिथे 1990 पासून काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. घरूनच विचारायचं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

आणि नऊला दार वाजेल तेव्हा बाबांनी दिवसभराच्या तक्रारी ऐकायला बसू नये. चप्पल काढून आधी कालनिर्णयपाशी जावं आणि विचारावं, ‘‘आज किती टिकल्या रे?’’