खोकं निघालं मॉरिशसला!

बालमित्रांनो, पोस्टमनकाकांनी घरी पार्सल आणलं की आपल्याला कोण आनंद होतो! सही केली, दोरा तोडला, झालं. पण तेच पार्सल परदेशातून विमानानं आलेलं असेल तर? तर ते सरळ घरी येत नाही. विमानतळावर त्याला थांबावं लागतं, आपली ओळख सांगावी लागते, कधी कधी तर पोट उघडून दाखवावं लागतं. या सगळ्याला 'कस्टम्समधून माल सोडवणं' म्हणतात. कस्टम्स म्हणजे सीमाशुल्क खातं.

हे सगळ्याच देशांत चालतं. पण देश म्हणजे समुद्राच्या मधोमध वसलेलं एक छोटं बेट असेल, तर या खात्याचं काम फार नाजूक होऊन बसतं. ते कसं, हे पाहायला आज आपण मॉरिशसला जाऊ या. आणि जायचं कसं? एका खोक्याच्या पाठोपाठ!

बेट केवढं, गरजा केवढ्या!

नकाशा काढा. मुंबईपासून नैर्ऋत्येला हिंदी महासागरात खाली खाली जा. मादागास्कर हे मोठं बेट दिसेल. त्याच्या पूर्वेला जो ठिपका आहे ना, तो मॉरिशस. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहूनही लांब. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १८६५ चौरस किलोमीटर. आपला सिंधुदुर्ग जिल्हा याच्या अडीचपटीहून मोठा आहे! तिथे साडेबारा लाखांच्या आसपास माणसं राहतात. त्यांत मराठी माणसंही आहेत बरं का. १८३४ नंतर ऊसमळ्यांत काम करायला भारतातून हजारो मजूर तिकडे गेले. त्यांत कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

एवढ्याशा बेटावर सगळं कसं पिकणार? गहू बाहेरून, तांदूळ बाहेरून, पेट्रोल बाहेरून, यंत्रं बाहेरून. जड माल जहाजानं राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात येतो. पण ज्याला घाई आहे, तो येतो विमानानं. औषधं, लशी, बिघडलेल्या यंत्राचा सुटा भाग, लवकर नासणाऱ्या वस्तू असा हा माल. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला, प्लेझान्स इथे आहे.

आता आपलं खोकं भरू या. समजा, मॉरिशसमधल्या एका मराठी वाचनालयासाठी मुंबईहून चाळीस गोष्टींची पुस्तकं आणि बारा लाकडी भोवरे पाठवायचे आहेत. खोकं बंद केलं, चिकटपट्टी लावली. निघालं?

छे! आधी कागद.

खोक्याचा हजेरी क्रमांक

शाळेत जसा तुमचा हजेरी क्रमांक, तसा विमानानं जाणाऱ्या प्रत्येक मालाला क्रमांक असतो. ज्या कागदावर तो असतो त्याला 'एअर वेबिल' म्हणतात. क्रमांक अकरा आकडी असतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८, एअर मॉरिशसचे २३९. पुढचे सात आकडे त्या मालाचे. आणि शेवटचा आकडा? तो आहे पहारेकरी!

गंमत पाहा. समजा, मालाचे सात आकडे आहेत १२३४५६७. या संख्येला ७ ने भागा. बाकी किती उरली? ५. म्हणून शेवटचा आकडा ५. पूर्ण क्रमांक झाला २३९-१२३४५६७५. आता कुणी घाईत ६ च्या जागी ८ लिहिला, तर संख्या होईल १२३४५८७. तिला ७ ने भागलं तर बाकी उरते ४. पण शेवटी आकडा तर ५ आहे! संगणक लगेच ओरडतो, 'चूक आहे!' तिसरी-चौथीतला भागाकार विमानतळावर असा रोज कामाला येतो. मात्र हा पहारेकरी एका ठिकाणी फसतो. १ च्या जागी ८ किंवा ० च्या जागी ७ पडला, तर त्याला पत्ता लागत नाही. का बरं? डोकं चालवा. उत्तर शेवटी दिलं आहे.

विमान कंपनी भाडं मात्र नुसत्या वजनावर घेत नाही. विचार करा, कापसाच्या उशांचं खोकं हलकं असतं, पण विमानातली जागा केवढी खातं! म्हणून खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ६००० ने भागतात. आपलं खोकं ६० × ५० × ४०, म्हणजे १,२०,००० घन सेंटिमीटर. भागिले ६०००, म्हणजे २० किलो. खरं वजन १६ किलो भरलं तरी भाडं २० किलोचंच. जे जास्त, ते धरायचं!

जगाला कळणारी आकड्यांची भाषा

आपण म्हणतो 'भोवरा'. मॉरिशसमधली मुलं बहुतेक क्रिओल बोलतात, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात आणि सरकारी काम चालतं इंग्रजीत. मग खोक्यात नक्की काय आहे, हे तिथल्या अधिकाऱ्याला कसं कळायचं? त्यासाठी १९८८ सालापासून जगात एक आकड्यांची भाषा वापरली जाते. प्रत्येक वस्तूला सहा आकड्यांचा संकेतांक असतो. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण. छापील पुस्तकं प्रकरण ४९, खेळणी प्रकरण ९५, फळं प्रकरण ०८. लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांना तर वेगळा मानाचा संकेतांक आहे, त्याची सुरुवात ४९०३ अशी होते. दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश हीच यादी वापरतात.

याच आकड्यांवरून वस्तूवर किती शुल्क, हे ठरतं. म्हणून इथे खरं लिहिणं फार महत्त्वाचं.

विमान आकाशात, काम जमिनीवर

खोकं विमानात चढलं. आता सहा-सात तास निवांत, असं तुम्हाला वाटेल. पण तिकडे मॉरिशसमध्ये काम सुरू झालेलं असतं!

पूर्वी माल उतरला की कागदांची चळत घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरावं लागे. सिंगापूर या दुसऱ्या छोट्या बेटानं १९८९ साली यावर तोड काढली. सगळे अर्ज संगणकावरून, एकाच जाळ्यातून! त्याचं नाव 'ट्रेडनेट'. मॉरिशसनं त्याच धर्तीवर १९९४ साली आपलं ट्रेडनेट सुरू केलं.

तिथला क्लिअरिंग एजंट, म्हणजे माल सोडवून देणारा जाणकार माणूस, संगणकावरून घोषणापत्र भरतो. कुणी पाठवलं, कुणासाठी, काय, किती, केवढ्याचं. विमान कंपनी आपल्या मालाची यादी वेगळी पाठवते. दोन्ही जुळायला हवं. यादीत एक खोकं आणि अर्जात दोन, असं चालत नाही. विमान उतरण्याआधीच कागद तपासायला घ्यावेत, असा जागतिक करारही फेब्रुवारी २०१७ पासून लागू झाला आहे.

मग मालाला रंग मिळतो. अनेक देशांत ही रीत आहे. हिरवा म्हणजे 'जा'. पिवळा म्हणजे 'कागद नीट पाहू दे'. लाल म्हणजे 'खोकं उघड!' सगळीच खोकी उघडत बसलं तर गोदाम तुंबेल. म्हणून कोणती उघडायची हे संगणक आणि अधिकारी मिळून ठरवतात. माल कुठून आला, कसला आहे, पाठवणाऱ्यानं पूर्वी खोटं लिहिलं होतं का, हे पाहिलं जातं.

राहिला पैशांचा हिशेब. आई-बाबांना विचारा, शहराच्या वेशीवरचे जकात नाके त्यांना आठवतील. मुंबईचे नाके तर २०१७ पर्यंत होते. सीमाशुल्क म्हणजे देशाच्या वेशीवरची जकात. वस्तूची किंमत, विमानभाडं आणि विमा यांची बेरीज करतात आणि त्यावर शुल्क मोजतात. समजा, बेरीज आली १३,००० रुपये आणि त्या वस्तूवर शुल्क आहे १० टक्के. मग शुल्क झालं १,३०० रुपये. मॉरिशसमध्ये बऱ्याच वस्तूंवर आता हे शुल्क शून्य आहे. पण विक्रीवरचा कर बहुतेक वस्तूंवर वेगळा लागतो, तो १५ टक्के.

एकदा वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एका मुलानं विचारलं, "गुरुजी, शुल्क शून्य असेल तर मग तपासायचं कशाला?" मोठा मार्मिक प्रश्न! त्याच्या उत्तरासाठी आपल्या खोक्यात जरा गडबड करू या.

चार आंबे

समजा, खोकं भरताना कुणीतरी प्रेमानं पुस्तकांच्या खाली चार हापूस ठेवून दिले. 'वाचनालयातली मुलं खातील बिचारी!' कागदावर मात्र लिहिलं, 'पुस्तकं आणि खेळणी'.

आता कोकणातल्या मुलांनी सांगावं, आमराईत झाडाला सापळे का टांगतात? बरोबर, फळमाशीसाठी. ही माशी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ झकास दिसतं आणि आत अळ्या गर खात असतात. एक मादी आयुष्यात हजाराहून जास्त अंडी घालू शकते. तिला आंबाच लागतो असंही नाही. पेरू, पपई, मिरची, काहीही चालतं.

मॉरिशसनं हे संकट पाहिलं आहे. १९९६ साली तिथे हीच पौर्वात्य फळमाशी आढळली. मग सापळे, विषारी आमिषं, नासक्या फळांचा नायनाट, असा जंगी मुकाबला करावा लागला. १९९९ पर्यंत ती हटली. पुढे ती पुन्हा घुसली आणि पुन्हा तिच्याशी लढावं लागलं. आपल्या देशात एखाद्या तालुक्यात कीड आली तर भाजी दुसऱ्या तालुक्यातून येते. बेटाला दुसरा तालुका कुठला?

आणि डोडो आठवतो का? टर्कीहून मोठा, उडता न येणारा पक्षी. जगात फक्त मॉरिशसमध्ये राहायचा. १५९८ साली डच खलाशी तिथे उतरले. त्यांच्या आणि इतरांच्या जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडं बेटावर आली. डोडो जमिनीवरच घरटं करायचा. त्याची अंडी या पाहुण्यांनी फस्त केली, जंगलंही तुटत गेली. १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही. त्या वेळी बंदरावर 'पिंजऱ्यात काय आहे?' असं विचारणारं कुणी असतं तर?

म्हणूनच फळं, बी-बियाणं, रोपं न्यायची तर आधी परवाना लागतो आणि पाठवणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्याचा दाखलाही लागतो. इतकंच काय, लाकडी पेट्यांवरही नजर असते. लाकडात किडे दडून बसतात ना! २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, अशा पेटीचं लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात किंवा त्यावर दुसरा ठरलेला उपाय करतात. मग पेटीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारतात.

तर, क्ष-किरण यंत्रात चार गोल सावल्या दिसतात. खोकं लाल! ते उघडलं जातं. आंबे जप्त होऊन नष्ट केले जातात. खोटं लिहिल्याबद्दल दंड होऊ शकतो. पुस्तकं सुटतात, पण उशिरा. गोदामात ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिलं की रोजचं भाडं चढतं, ते वेगळंच.

शेजारचं खोकं

आता त्याच विमानातून उतरलेल्या दुसऱ्या खोक्याकडे बघा. त्यात आहे इन्सुलिन. मॉरिशसमध्ये मधुमेहाचे रुग्ण फार. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उन्हात तापलं तरी बिघडतं आणि गोठलं तरी बिघडतं. ते अडकून पडलं तर औषधाच्या दुकानात रुग्णाला 'उद्या या' ऐकावं लागेल. बेटावर शेजारच्या गावातून मागवायची सोयही नसते. म्हणून त्याचे कागद आधीच तयार ठेवतात, परवाना जोडतात, आणि अशा मालाला पुढचा नंबर मिळतो.

कळली ना आता अधिकाऱ्यांची पंचाईत? एका हातानं दार भर्रकन उघडायचं आणि दुसऱ्या हातानं घट्ट लावायचं, तेही एकाच वेळी! प्रत्येक खोकं फोडून पाहत बसले तर इन्सुलिन खराब होईल. न पाहता सोडून दिलं तर माशी घुसेल. त्यांना मदत कोण करतं? मुंबईत बसून कागद भरणारा माणूस. त्यानं जे आहे ते आणि जेवढं आहे तेवढंच लिहिलं, तर त्याचं खोकं तर सुटतंच, पण मागच्या रांगेतल्या आजारी माणसाचं औषधही लवकर सुटतं.

२६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन. तोच दिवस जगभर आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दिन म्हणूनही पाळतात. यंदा झेंडावंदनाला जाल तेव्हा वेशीवरच्या या पहारेकऱ्यांचीही आठवण ठेवा!

करून पाहा

१. मालाचे सात आकडे आहेत ७६५४३२१. पहारेकरी आकडा कोणता?

२. घरातलं एखादं रिकामं खोकं मोजा. विमान कंपनी त्याचं वजन किती किलो धरेल?

३. बाजारात लाकडी पेट्या दिसल्या, तर ओंबीचा शिक्का शोधा. त्याच्या शेजारी देशाची इंग्रजी अक्षरं असतात, भारताची 'आय एन'.

उत्तरं : पहिल्या प्रश्नाचं उत्तर ३. पहारेकरी फसतो, कारण ८ आणि १ मध्ये, तसंच ७ आणि ० मध्ये ७ चाच फरक असतो. त्यामुळे ७ ने भागल्यावर बाकी तीच उरते!